मेहुण्याच्या नावावर माझं रक्त

माझ्या मेहुण्याचा सीआरपी, म्हणजे रक्तातला दाहाचा आकडा, १८.४ आला तेव्हा तो गावाकडे उसाच्या ट्रॉलीमागे उभा होता आणि त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रक्त माझं होतं. नाव त्याचं, वय त्याचं, मोबाइल नंबर माझा.

मी परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं टेक्निशियन आहे. एकाच्या नावावर दुसऱ्याचं रक्त लावणं, याहून मोठं पाप आमच्या धंद्यात नाही. नवीन पोरं येतात तेव्हा पहिल्या दिवशी मी त्यांना दम देतो: पेशंटच्या तोंडून नाव वदवून घे, त्याच्यासमोर लेबल चिकटव, मागाहून चिकटवलंस तर बघ. आणि मीच एका शनिवारी दुपारी, लंचला सगळे खाली गेल्यावर, डाव्या हाताने उजव्या हातावर सुई टोचून तीन ट्यूब भरल्या आणि मेहुण्याचं नाव टाइप केलं. (ती नोंद पुढे बऱ्याच महिन्यांनी आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना सांगून रद्द करून घेतली. काय ऐकून घ्यावं लागलं ते लिहीत नाही.)

लपवायचं कारण सीआरपी नव्हतं. त्याच्या खालच्या ओळीत टेस्टोस्टेरॉन होतं. सत्तेचाळीस वर्षांच्या पुरुषाने टेस्टोस्टेरॉन का तपासायला टाकलं असेल, हे लॅबमधला काल आलेला पोरगाही सांगेल.

तर सुरुवातीपासून. आम्ही भांडुपला वन-रूम-किचनमध्ये राहतो. आई, बायको, मुलगी, मी. मुंबईत आमच्यासारख्यांचं नवरा-बायकोपण आईच्या झोपेच्या गोळीवर आणि मुलीच्या क्लासच्या वेळापत्रकावर चालतं. त्यामुळे ‘ते’ जमेनासं झालं तेव्हा दीड वर्ष मी खुशाल घराला दोष दिला. जागा नाही, कान उघडे, मन लागत नाही. मग एका दिवाळीत आई आणि मुलगी गावाला गेल्या. चार दिवस घर मोकळं. चार दिवसांत माझ्याकडचं ते कारणही संपलं.

या गोष्टीला मराठीत धड शब्द नाही, हा एक वेगळाच ताप. नपुंसकता म्हटलं की कोर्टातला घटस्फोटाचा अर्ज आठवतो. नामर्द ही शिवी झाली. ‘मर्दानी कमजोरी’ लोकलच्या डब्यात दाराशेजारी चिकटवलेली असते, खाली मोबाइल नंबर, बाजूला वशीकरणवाले बाबा. डॉक्टर लोक ताठरता न येण्याला ईडी म्हणतात, पण महाराष्ट्रात आज कोणाला सांगून बघा की मला ईडीचा त्रास आहे. समोरचा विचारेल, कुठल्या पक्षातून निघालात?

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी नाडी बघितली, बीपी बघितलं आणि म्हणाले, टेन्शन घेऊ नका, आठ दिवस महाबळेश्वरला जाऊन या. त्यांच्यावर राग नाही. पण एकही प्रश्न न विचारता महाबळेश्वर?

मग मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. घरी जाताना विक्रोळीला उतरलो, कारण विक्रोळीत मला कोणी ओळखत नाही. मेडिकलवाल्याला हळू आवाजात गोळीचं नाव सांगितलं. तो वडापाव तिखट की साधा विचारावं तसा खणखणीत विचारता झाला, ‘पन्नास की शंभर?’ माझ्या मागे एक बाई डायपर घ्यायला उभ्या होत्या. ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. गोळीने एकदा जेमतेम काम केलं, एकदा नुसतं डोकं दुखलं. एवढं मात्र इथेच सांगून ठेवतो: छातीत दुखतं म्हणून ज्यांना जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी दिलेली असते, त्यांनी ही गोळी घेतली तर बीपी एकदम कोसळतं आणि माणूस जिवानिशी जाऊ शकतो. त्या मेडिकलवाल्याने मला एका शब्दाने विचारलं नाही की तुम्हाला हार्टचं काही औषध चालू आहे का.

बायकोला काय वाटत होतं, ते मी कधी विचारलंच नव्हतं. मी आपला उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला लागलो होतो. घरात बोलायची सोय नाही, म्हणून तिने एका रविवारी दादरला बोलावलं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो. ती चारचौघांत मला अहो म्हणते आणि घरात तू. त्या दिवशी कट्ट्यावर, आजूबाजूला माणसं असताना, तिने तू म्हटलं. ‘सरळ सांग. बाहेर कोणी आहे का?’ दोन वर्षं तिच्या डोक्यात हे चाललं होतं आणि मी समजत होतो की लाज फक्त माझ्या वाट्याला आलीय. मी सांगितलं. ती बराच वेळ क्रिकेट खेळणाऱ्या पोरांकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘दिवसभर लोकांचं रक्त तपासतोस ना? मग?’

त्यावरून तो शनिवार.

१८.४ बघून मी हादरलो. कोविडनंतर सीआरपी म्हणजे काय हे मुंबईत सांगावं लागत नाही. त्या दिवसांत लोक फोनवर मार्कांसारखा सीआरपी विचारायचे. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की आयएल-६ नावाचा निरोप यकृताला जातो आणि यकृत हे प्रथिन बनवून रक्तात सोडतं. आग कुठे लागलीय ते सांगत नाही, फक्त भोंगा वाजवतं. पण मग मला आठवलं की मला तीन दिवस सर्दी होती, घसा धरला होता. दहाच्या वरचा आकडा आला तर तो या कामासाठी धरायचा नाही, बरं वाटल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं, हे मीच फोनवर पेशंटांना सांगतो. शिवाय टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त सकाळी द्यावं लागतं, मी दुपारी दोनला काढलं होतं. बावीस वर्षांचा अनुभव, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा तीन ट्यूब वाया.

ते रिपोर्ट घेऊन मी शेवटी एका युरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी पहिलीच चूक पकडली. ‘हे नाव कोणाचं?’ मी खरं सांगितलं. ते हसले नाहीत. पुढचं रक्त माझ्या नावाने, सकाळी आठला, उपाशीपोटी, दुसऱ्या लॅबमध्ये दिलं.

त्या डॉक्टरांनी आधी प्रश्न विचारले, भरपूर. सकाळी उठताना ताठरता असते का? नव्हती, कित्येक महिन्यांत नव्हती. ती असती तर मनाकडे बोट दाखवता आलं असतं, कारण झोपेत मनाचा धाक नसतो. सिगारेट? नाइट शिफ्टला पाच-सहा. घोरता? बायकोला विचारा. जिना चढताना छातीत काही होतं? हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला आणि मला कळेना की मी हार्टवाल्याकडे आलोय की काय.

त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तीन गोल काढले. एक बारीक, एक मधला, एक मोठा. लिंगातली धमनी एक ते दोन मिलिमीटर. हृदयाची तीन ते चार. मेंदूकडे जाणारी मानेतली पाच ते सात. रोग तिन्हींना एकाच वेळी धरतो, पण बारीक नळी आधी बोंब मारते. म्हणून बऱ्याच पुरुषांत हा त्रास हृदयाच्या दुखण्याच्या दोन-तीन वर्षं आधी दिसतो. त्यांनी गोळी लिहायच्या आधी माझी स्ट्रेस टेस्ट करून घेतली ती त्यासाठी. साडेनऊ मिनिटं पळालो, नॉर्मल निघाली. पट्ट्यावर पळताना मी विक्रोळीचा विचार करत होतो.

आम्ही भांडुपकर, पाइप म्हटलं की डोक्यात आपोआप जलशुद्धीकरण केंद्र येतं. माणूस आत उभा राहील एवढे ते जलवाहिनीचे पाइप, आणि शेवटी चाळीतला अर्ध्या इंचाचा नळ. कचरा कुठेही पडो, आधी नळ बारीक होतो. मी डॉक्टरांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, उपमा चांगली आहे पण अर्धीच. लोखंडी पाइप ताणत नाही. धमनी ताणते, सैल होते, आणि सगळं काम त्या सैल होण्यावर आहे.

हे मला नंतर नीट समजून घ्यावंसं वाटलं, आणि आमच्याकडे पुस्तकांना तोटा नाही. रक्तवाहिनीला आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं, एंडोथेलियम. इच्छा झाली की नसांच्या टोकांतून आणि या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, काही सेकंदच टिकणारा. तो स्नायूंना सैल व्हायला सांगतो, रक्त आत भरतं, भरल्यामुळे बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त आत टिकतं. म्हणजे ताठरता येते ती स्नायू आवळून नाही, सोडून. हे वाचल्यावर मी जरा वेळ गप्पच बसलो. आपण सगळे आयुष्यभर उलटंच समजतो.

आता यात दाह कुठे येतो? पोटाच्या आतली चरबी नुसती पडून नसते. तिच्यातून आयएल-६, टीएनएफ-अल्फा असले दाहाचे निरोप रात्रंदिवस सुटत असतात. सिगारेट, वाढलेली साखर, अपुरी झोप, सगळे त्यात तेल ओततात. या वातावरणात ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड कमी बनवतं, आणि जो बनतो तोही ऑक्सिजनच्या बिथरलेल्या रेणूंच्या तावडीत सापडून वाया जातो. माझी गोळी का चालली नाही त्याचंही उत्तर यातच आहे. ती नायट्रिक ऑक्साइड बनवत नाही. त्याने सुरू केलेला निरोप लवकर पुसला जाऊ देत नाही, एवढंच. निरोपच क्षीण असेल तर गोळी तरी काय राखणार?

(या वायूवरच्या कामासाठी फर्शगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ साली नोबेल मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये सिल्डेनाफिलला, म्हणजे विक्रोळीच्या त्या गोळीला, अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि ते औषध मुळात हृदयविकारासाठी तपासलं जात होतं. डायनामाइटवाल्या नोबेलला स्वतःला म्हातारपणी छातीच्या दुखण्यावर नायट्रोग्लिसरीन लिहून दिलं होतं, तेही हाच वायू सोडतं. हृदय आणि ही गोष्ट पहिल्यापासून एकाच चिठ्ठीवर आहेत.)

दाह हा शब्दही फसवा आहे. आपल्याला दाह म्हणजे ॲसिडिटी, नाहीतर उन्हाळी लागणं. दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस नावाच्या रोमन माणसाने दाहाची चार लक्षणं लिहून ठेवली: लाली, सूज, ऊब, वेदना. माझ्या बाबतीत यातलं एकही नव्हतं. आग नव्हती, राखेखालचा विस्तव होता. आकड्यात सांगायचं तर दुसऱ्या वेळचा सीआरपी ४.६. आता गंमत बघा. साध्या सीआरपीच्या रिपोर्टवर बऱ्याच लॅबमध्ये ‘६ पेक्षा कमी म्हणजे नॉर्मल’ छापलेलं असतं, कारण ती तपासणी न्यूमोनियासारखी मोठी आग शोधायला आहे. हृदयासाठी वेगळी, जास्त संवेदनशील तपासणी असते, एचएस-सीआरपी. तिथे १ पेक्षा कमी बरं, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जोखीम जास्त. एकच ४.६, एका कागदावर हिरवा, दुसऱ्यावर लाल. असे किती जण मी नॉर्मल म्हणून घरी पाठवले असतील.

बाकी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. सिरम दुधाळ, ट्रायग्लिसराइड वाढलेलं. टेस्टोस्टेरॉन ठीक. कंबर १०२ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० ची मर्यादा सांगतात. डॉक्टर कागद चाळत होते, मग अचानक म्हणाले, ‘ब्रश करताना रक्त येतं?’

‘ते येतंच की,’ मी म्हणालो. ‘वीस वर्षं येतंय.’

कोणाच्या लघवीत रक्ताचा अंश आला तर मी लाल पेनाने गोल करतो. आणि रोज सकाळी बेसिन गुलाबी होतंय ते पाणी टाकून धुतो. डेंटिस्टने बारीक सळई हिरडीखाली घालून मोजलं. तीन मिलिमीटरपर्यंत चालतं, माझे कप्पे सहापर्यंत गेले होते. पायोरिया. आजीला होता, वडिलांना होता, आमच्याकडे तो वंशपरंपरेने चालत आलेला, त्यामुळे रोग कोणी समजतच नव्हतं. त्या कप्प्यांत जंतू वस्ती करून असतात आणि शरीर त्यांच्याशी वर्षानुवर्षं झुंजत राहतं. पायोरिया असलेल्या पुरुषांत हा त्रास जास्त आढळतो, असं बऱ्याच अभ्यासांत आलंय. एकामुळेच दुसरं होतं असं त्यातून ठरत नाही. सिगारेट आणि साखर दोन्हीकडे हात धुऊन घेतात. तरीही तो प्रश्न विचारल्याबद्दल मी त्या युरॉलॉजिस्टांचा ऋणी आहे.

मग काय केलं? सिगारेट सोडली, दोनदा, दुसऱ्यांदा टिकली. हिरड्या चार बैठकांत साफ झाल्या, पहिल्या बैठकीनंतर दोन दिवस पेजेवर होतो. शिफ्ट बदलून घेतली. डॉक्टरांनी रोजची एक सौम्य गोळी काही महिने दिली. आणि सकाळी पंपिंग स्टेशनच्या रस्त्याने खाडीकडे चालायला लागलो, कधी कधी बायकोही येते. थंडी सरता सरता तिकडे फ्लेमिंगो असतात. कॅमेरेवाले त्यांच्याकडे बघतात, मी घड्याळाकडे.

‘अँटी-इन्फ्लमेटरी’ म्हणून जे काही सध्या विकलं जातंय त्यातलं काही घेतलं नाही. हळद घालून दूध आई देतेच, ते आईसाठी पितो.

आठ महिन्यांनी एचएस-सीआरपी १.९, एचबीए१सी ५.८, कंबर ९४. या त्रासासाठी पाच प्रश्नांची एक प्रश्नावली असते, पाचपासून पंचवीसपर्यंत गुण. बावीस किंवा त्याच्या वर ठीक. मी ११ वर होतो, आता १९. पास, पण डिस्टिंक्शन नाही. नेमकं कशाने झालं ते मला सांगता येत नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, कारण मी पाच गोष्टी एकदम बदलल्या. कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना, न लावता मशीन चालवल्यासारखं आहे हे. २००४ साली छापून आलेला इटलीतला एक अभ्यास मी वाचला. हा त्रास असलेले ११० लठ्ठ पुरुष, दोन वर्षं. अर्ध्यांना वजन उतरवायचं आणि व्यायामाचं नीट मार्गदर्शन, अर्ध्यांना नुसती सर्वसाधारण माहिती. पहिल्या ५५ पैकी १७ जण पूर्ण बरे झाले, दुसऱ्या ५५ पैकी ३. पहिल्या गटाचे सीआरपी आणि आयएल-६ उतरले होते. लोक १७ सांगतात. मला ३८ पण दिसतात, ज्यांनी दोन वर्षं घाम गाळला आणि बावीसपर्यंत पोचले नाहीत. मी सध्या त्या ३८ मध्ये आहे आणि माझं बरं चाललंय.

मेहुणा मार्चमध्ये मुंबईला आला. (गावाचं नाव लिहिलेलं नाही, आणि हा परिच्छेद त्याला वाचून दाखवून मगच टाकतोय.) बायको म्हणाली, आलाच आहे तर त्याच्या सगळ्या तपासण्या करून टाक, पन्नाशीला आला. त्याचं रक्त आमच्याच लॅबमध्ये काढलं. एचएस-सीआरपी मीच त्यात घातला. निकाल आला आणि आमचं सॉफ्टवेअर इमानदार, आधीच्या आणि आताच्या आकड्यात मोठा फरक दिसला की पिवळी पट्टी दाखवतं. ड्युटीवरचा पोरगा तिथूनच ओरडला, ‘सर, तुमच्या मेहुण्यांचा मागच्या वर्षी १८ होता, आता ५.२ आलाय!’

मेहुणा बाकावर बसला होता. ‘दाजी, मी कधी दिलं होतं रक्त?’

त्याला खाली टपरीवर घेऊन गेलो. कटिंग सांगितला आणि सगळं सांगितलं, दिवाळीपासून विक्रोळीपर्यंत. हा माणूस एरवी उसाच्या भावावर तासभर बोलतो. त्या दिवशी हूं की चूं नाही. चहा संपला, ग्लास ठेवला, पैसे त्यानेच दिले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाला,

‘दाजी, तो दातांचा डॉक्टर कुठं बसतो म्हणालात?’